गाडी पलटी का खाते?

'चालकाचा ताबा सुटल्याने जीप पलटी' अशी बातमी वाचली नाही असा आठवडा आपल्याकडे सहसा जात नाही. गावाचे नाव बदलते, जखमींचा आकडा बदलतो, कारण मात्र तेच राहते. ताबा सुटला म्हणजे नेमके काय झाले, हे आपण विचारत नाही. गाडी झाडावर आदळली तर का आदळली हे निदान कळते. पण चार चाकांवर भक्कम उभी असलेली दीड-दोन टन वजनाची वस्तू एकाएकी छपरावर कशी जाते? या प्रश्नाचे सर्वात स्वच्छ उत्तर मला हौशी मोटार शर्यतीच्या एका मैदानावर मिळाले, आणि तेही एका साध्या मोजपट्टीपाशी.

मोटार शर्यत म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या एकमेकींना घासत धावणाऱ्या, जाहिरातींनी रंगवलेल्या गाड्या. ऑटोक्रॉस हा त्या श्रीमंत घराण्यातला गरीब भाऊ. रिकामे वाहनतळ किंवा वापरात नसलेली धावपट्टी घ्यायची, नारिंगी रंगाचे प्लॅस्टिकचे शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एका वेळी एकच गाडी सोडायची. फेरी साधारण मिनिटभराची. शर्यत घड्याळाशी. शंकू पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. गाडी बहुधा दुसऱ्या गिअरमध्येच असते आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातो. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' हा खेळ 'सोलो' या नावाने चालवतो. त्याशिवाय गावोगावचे छोटे क्लब आहेतच. यात भाग घेणारे म्हणजे शिक्षक, दवाखान्यातले कर्मचारी, कारकून, कॉलेजची मुले. सकाळी ज्या गाडीतून वाणसामान आणले, तीच दुपारी शर्यतीत.

आपल्याकडेही ऑटोक्रॉस होते, पण बहुधा मातीच्या मैदानावर. नाशिक आणि पुण्याच्या बाजूला या खेळाचे वेड चांगलेच आहे. मी जी शर्यत जवळून पाहिली ती मात्र अमेरिकेत, ओहायो राज्यात. माझा पुतण्या तिकडे नोकरीला आहे आणि आठवडाभर संगणकापुढे बसून आलेला शीण तो रविवारी शंकूंच्या मधून गाडी हाकून घालवतो. सकाळी सात वाजता आम्ही मैदानावर पोचलो, तेव्हा शर्यतीची काही घाई दिसेना. लोक हातात कॉफीचे पेले घेऊन आखलेली वाट चक्क पायी चालत होते, पुनःपुन्हा. कुठे वळायचे, कुठे ब्रेक लावायचा, हे आधी पायांनी पाठ करायचे असा शिरस्ता.

त्यानंतर तपासणी. चाकांचे नट घट्ट आहेत ना, चाक धरून हलवले तर बेअरिंग खेळते का, बॅटरी बांधलेली आहे ना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तो परत येतो ना. गाडीतल्या सगळ्या सुट्या वस्तू बाहेर: पाण्याची बाटली, छत्री, मुलांची खेळणी. आणि काही गाड्यांपाशी तपासनीस खिशातून मोजपट्टी काढत होता.

माझ्यादेखत एका बापलेकांची गाडी त्याने मोजली. उंच, ऐसपैस, आता सगळ्या जगाला आवडू लागलेली एसयूव्ही. डाव्या टायरच्या मध्यापासून उजव्या टायरच्या मध्यापर्यंत साठ इंच. जमिनीपासून छपरापर्यंत अडुसष्ट इंच. त्याने दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले आणि मान हलवली. गाडीला प्रवेश नाही. बाप रागावला. त्याचे म्हणणे असे, की याच गाडीतून आम्ही रोज हमरस्त्यावर यापेक्षा कितीतरी जास्त वेगाने जातो, तिथे आम्हाला कोणी अडवत नाही. तपासनीस शांतपणे म्हणाला, "तिथे तुम्ही मुद्दाम लागोपाठ सहा वळणे घेत नाही. घ्यायची वेळ आली, तर हे दोन आकडे आठवा."

मुलाचा चेहरा उतरला होता. पुतण्याने त्याला आपली गाडी देऊ केली. एका गाडीत दोघांनी आळीपाळीने उतरणे या खेळात नेहमीचे आहे. मुलगा दिवसभर आमच्या गाडीतून धावला. बाप मात्र बराच वेळ आपल्या गाडीकडे पाहत उभा होता.

दोन आकड्यांचे गणित

या मोजपट्टीमागचे शास्त्र शाळेतल्या पुस्तकातले आहे. वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूला ओढ बसते. ही ओढ गाडीच्या गुरुत्वमध्यावर लागते, आणि तिला अडवणारी पकड असते खाली, टायर आणि रस्ता यांच्यामध्ये. वर ढकलणारा आणि खाली धरून ठेवणारा अशा दोघांच्या ओढाताणीत गाडी बाहेरच्या चाकांवर कलंडू पाहते. ती किती सहज कलंडेल हे दोन गोष्टींवर ठरते: चाके एकमेकांपासून किती लांब आहेत आणि गुरुत्वमध्य किती उंच आहे. चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की जो आकडा येतो, त्याला इंग्रजीत 'स्टॅटिक स्टॅबिलिटी फॅक्टर' म्हणतात. आपण त्याला स्थिरांक म्हणू.

बसक्या मोटारीचा स्थिरांक साधारण १.३ ते १.५ असतो. एसयूव्ही, व्हॅन, पिकअप यांचा १ ते १.३. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ सालापासून याच आकड्याच्या आधारे गाड्यांना पलटीबाबतचे तारे द्यायला सुरुवात केली आणि पुढे २००४ च्या मॉडेलांपासून प्रत्यक्ष गाडी चालवून घेतलेल्या चाचणीची त्यात भर घातली. पाच तारे म्हणजे, ती गाडी एकटीच अपघातात सापडली तर पलटी होण्याची शक्यता दहा टक्क्यांहून कमी. एक तारा म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त.

गुरुत्वमध्य काही डोळ्यांना दिसत नाही. पण रिकाम्या मोटारीत तो साधारणपणे एकूण उंचीच्या चाळीस टक्क्यांच्या जरा खालीच असतो. म्हणजे गाडीची उंची आणि चाकांमधले अंतर सारखे असेल, तर स्थिरांक १.३ च्या आसपास येतो. 'गाडी जितकी उंच, निदान तितकी रुंद हवी' हा हौशी क्लबांचा ठोकताळा अगदीच अडाणी नाही, तो असा.

आता दुसरी बाजू, टायरची. कोरड्या डांबरावर साधा टायर गाडीच्या वजनाच्या ०.८ ते ०.९ पट एवढाच आडवा जोर झेलतो, त्यापुढे तो घसरतो. ज्या गाडीचा स्थिरांक १.४ आहे तिला उलटवायला वजनाच्या १.४ पट जोर लागतो. तेवढा जोर येण्याच्या कितीतरी आधी टायर सुटतो आणि गाडी घसरत जाते. घसरते म्हणूनच ती उलटत नाही. पुतण्याने हे मला आपल्या भाषेत सांगितले: "काका, गाडी आडवी घसरली की मी हसतो. जिथे घसरायला हवी तिथे ती घसरली नाही, तर घाबरतो."

सामान्य माणसाची समजूत नेमकी उलट असते. पकड म्हणजे सुरक्षितता आणि घसरणे म्हणजे धोका. पण शर्यतीसाठी मिळणारे मऊ, चिकट टायर वजनाच्या १.१-१.२ पट जोरही झेलतात. असे टायर बसक्या गाडीला लावले तर ती झपाट्याने वळते. तेच १.१ स्थिरांकाच्या उंच गाडीला लावले, तर घसरण्याची पाळी येण्याआधी उलटण्याची येते. शिवाय प्रत्यक्षात गाडी वळणावर बाहेर झुकते, बाहेरचा टायर दबतो आणि कागदावरचा स्थिरांक रस्त्यावर आणखी खाली येतो. त्यात शंकूंची डावी-उजवी ओळ लागली की झोपाळ्याला लयीत धक्के द्यावेत तसे होते. पहिल्या वळणाचा झोका संपायच्या आत दुसरे वळण येते, तिसऱ्याला झोका सर्वात मोठा असतो.

ठेच

गाडीच्या झुकण्याविषयी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. झुकणे आणि उलटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मैदानावर मी पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या कित्येक लहान गाड्या पाहिल्या, ज्यांचे आतल्या बाजूचे मागचे चाक वळणावर वीतभर हवेत उचलले जाई. माझ्या पोटात गोळा येई. बाकीचे निवांत होते. अशा गाड्यांची मागची स्प्रिंग आणि झुकणे रोखणारी आडवी दांडी मुद्दाम कडक केलेली असते, म्हणून ते चाक उचलले जाते. उरलेली तीन चाके जमिनीवर घट्ट असतात. आतली दोन्ही चाके उचलली गेली तर गोष्ट वेगळी. तेव्हा लाल झेंडा दाखवून गाडी थांबवतात. उलटपक्षी, दांड्या कडक करून गाडीचे झुकणे बंद केले म्हणजे ती उलटायची थांबली असे होत नाही. गुरुत्वमध्य होता तिथेच राहतो, चालकाला मिळणारी सूचना तेवढी कमी होते.

खरे संकट असते ठेचेचे. माणूस धावताना पाय अडखळला की तोंडावर पडतो. आडवी घसरणारी गाडीही तशीच. तिची चाके कशाला तरी अडली की खालचा भाग थांबतो आणि वरचा पुढे जातो. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार एकट्या वाहनाच्या पलटीच्या अपघातांपैकी ९५ टक्के अपघात अशा ठेचेमुळे होतात. दुभाजकाची कड, रस्त्याकडेची मऊ माती, चर, खड्डा, काहीही पुरते. म्हणून ऑटोक्रॉसची वाट आखणारे विजेचे खांब आणि दगडी कडा यांच्यापासून निदान पंचवीस फूट लांब राहतात. घसरणारी गाडी कुठे जाऊन थांबेल याचा विचार आधी, शर्यतीच्या रंगतीचा नंतर.

ठेच टायरमध्येही दडलेली असते. हवा कमी असली की जोरदार वळणावर टायरची बाजू मुडपते, आणि फारच मुडपली तर चाकाची धातूची रिम डांबरात रुतते. ऑटोक्रॉसवाले यावर एक सोपा उपाय करतात. टायरच्या खांद्यावर खडूची किंवा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशची रेघ ओढतात आणि फेरी झाल्यावर ती कुठपर्यंत पुसली गेली ते पाहतात. रेघ फारच खाली पुसली गेली तर हवा वाढवायची. चार आण्यांच्या खडूने होणारी ही परीक्षा मला फार आवडली.

जुन्या गोष्टी, जवळची गोष्ट

गाडीची बांधणी आणि पलटी यांचा वाद जुना आहे. अमेरिकेत १९६० चे मॉडेल म्हणून आलेल्या शेवरोले कोरव्हेअर या मोटारीची मागची चाके अशा पद्धतीने जोडली होती, की जोराच्या वळणावर बाहेरचे चाक आत मुडपून गाडीची मागची बाजू उचलली जाई. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकाचे पहिले प्रकरण याच गाडीवर लिहिले. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचणीने निर्वाळा दिला, की कोरव्हेअर तिच्या काळातल्या तशाच इतर गाड्यांहून वाईट नव्हती. पण तोवर तिचे उत्पादन थांबले होते. तशीच मागची बांधणी जुन्या फोक्सवॅगन बीटलचीही होती. हौशी शर्यतवाले तिच्या मागच्या बाजूला एक जादा पट्टीची स्प्रिंग बसवून चाकांचे मुडपणे रोखत.

१९९७ च्या ऑक्टोबरात स्वीडनमध्ये एका मोटार मासिकाच्या पत्रकाराने नवी मर्सिडीज ए-क्लास चाचणीसाठी घेतली. तिकडे रस्त्यावर अचानक मूस नावाचे प्रचंड हरीण येते. त्याला चुकवायचे म्हणून झटकन डावीकडे, लगेच उजवीकडे, अशी ती चाचणी. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगात जगातल्या नामांकित कंपनीची गाडी पलटली. कंपनीने विक्री काही आठवडे थांबवली, सस्पेन्शन बदलले आणि सर्व ए-क्लास गाड्यांना ईएसपी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. गाडी चालकाच्या हाताबाहेर जाते आहे असे दिसताच ती एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी सावरते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून सर्व हलक्या वाहनांना अशी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे २०२३ साली सुरू झालेल्या 'भारत एनकॅप'मध्ये तीन किंवा त्याहून अधिक तारे हवे असतील तर ती असावी लागते.

आणि एक गोष्ट तर अगदी आपल्या दारातली. १९८८ साली अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने सुझुकी सामुराई ही छोटी जीप चुकवाचुकवीच्या चाचणीत कलंडते असे सांगून तिला 'स्वीकारार्ह नाही' असा शेरा दिला. कंपनीला तो मान्य नव्हता. १९९६ मध्ये ती कोर्टात गेली आणि २००४ मध्ये समझोता झाला. सामुराईची थोडी लांब बहीण म्हणजे आपली जिप्सी. पोलिसांची, लष्कराची आणि आपल्याकडच्या रॅलीवाल्यांची लाडकी. १९९३ साली मारुतीने जिप्सीच्या दोन चाकांमधले अंतर ९० मिलिमीटरने वाढवले. पुढच्या चाकांमध्ये ते १३०० मिलिमीटर झाले. नऊ सेंटिमीटर म्हणजे चार बोटांपेक्षा थोडे जास्त. पण वर सांगितलेले गणित करून पाहा. उंची तीच ठेवली तर एवढ्याने स्थिरांक सात टक्क्यांनी वाढतो.

डोके आणि पट्टा

हौशी शर्यतीने जगाला दिलेली एक मोठी गोष्ट आज मोटारसायकलवाल्यांच्याही डोक्यावर असते. विल्यम 'पीट' स्नेल हा अमेरिकेतला हौशी शर्यतपटू १९५६ मध्ये अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, पण ते कामी आले नाही. त्याच्या मित्रांनी १९५७ साली स्नेल फाउंडेशन काढले आणि हेल्मेटची कठोर परीक्षा सुरू केली. आजही ऑटोक्रॉसच्या मैदानावर तपासनीस हेल्मेटच्या आत डोकावून स्नेलची चिठ्ठी शोधतो. ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या खेळात हेल्मेट आणि पट्टा सक्तीचा, आणि हमरस्त्यावर शंभरच्या वेगात मागच्या बाकावरची मंडळी पट्ट्यावाचून, हा विरोधाभास मला तिथे फार टोचला.

पलटीत माणसे मरतात ती बहुतेक आतल्या आत आपटून किंवा बाहेर फेकली जाऊन. २०१० साली अमेरिकेतल्या एकूण वाहन अपघातांपैकी जेमतेम २.१ टक्के अपघात पलटीचे होते, पण मोटारीतल्या मृत्यूंपैकी जवळजवळ ३५ टक्के त्यात झाले. त्या वर्षी पलटीत ७,६०० हून अधिक माणसे गेली. त्यांपैकी ६९ टक्के लोकांनी पट्टा लावलेला नव्हता.

आता त्या तपासनिसाचे दोन आकडे घेऊन आपल्या घरी येऊ. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारीही त्यांच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा उंच आहेत. म्हणून घाबरून जायचे कारण नाही. त्या काही शंकूंच्या शर्यतीत उतरत नाहीत. पण उंच गाडी घेऊन आपण काय करतो ते पाहा. समजा, चाकांमध्ये दीड मीटर अंतर आणि ६८ सेंटिमीटरवर गुरुत्वमध्य असलेली अठराशे किलोची गाडी आहे. स्थिरांक १.१०. सुट्टीत गावाला निघताना छपरावरच्या कॅरिअरवर शंभर किलो सामान बांधले: गाद्या, ट्रंक, तांदळाचे पोते. हे ओझे जमिनीपासून १.९ मीटरवर आले. नवा गुरुत्वमध्य साडेचौऱ्याहत्तर सेंटिमीटरच्या जवळ जातो आणि स्थिरांक उतरतो १.०१ वर. शंभर किलोंनी एवढे केले. तेच पोते पायाशी ठेवले असते तर उलट गुरुत्वमध्य खाली आला असता.

मग घाटातले वळण. एक चाक डांबराच्या कडेवरून खालच्या मातीत उतरते. चालक दचकतो आणि स्टीअरिंग झटक्यात उजवीकडे ओढतो. टायरची बाजू डांबराच्या कडेला अडते, ती पहिली ठेच. चाक एकदम वर चढते, गाडी समोरच्या बाजूला झेपावते, चालक तितक्याच जोराने डावीकडे वळवतो, तो दुसरा झोका. तिसऱ्या झोक्याला काय होते ते आपण दुसऱ्या दिवशी वाचतो. बातमीत छापून येते, 'ताबा सुटला'. खरे तर ताबा कॅरिअर बांधताना निम्मा सुटलेला असतो.

चाक मातीत उतरले तर स्टीअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा, वेग उतरू द्यावा आणि मग सावकाश, कड उथळ असेल तिथे वर यावे. रस्त्यात कुत्रे आले तर ब्रेक दाबावा, गाडी सपकन वळवू नये. जड सामान खाली, हलके वर. टायरमधली हवा प्रवासाआधी थंड टायरवर तपासावी. आणि मागच्या बाकावरच्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी पट्टा लावावा.

गाडी विकत घेताना आपण रंग विचारतो, मायलेज विचारतो, गाणी कशी वाजतात ते ऐकून पाहतो. त्या यादीत आणखी दोन प्रश्न घालायला काय हरकत आहे? चाकांमध्ये अंतर किती आणि उंची किती? दोन्ही आकडे कंपनीच्या पुस्तिकेत असतात. दुकानातल्या तरुण विक्रेत्याला ते चटकन सांगता आले नाहीत, तर घरच्या शिवणाच्या डब्यातली टेप आहेच.